अंधबिंदूत मावणारे चंद्र

शाळेत असताना विज्ञानाच्या शिक्षकांनी आम्हांला एक साधा प्रयोग करायला लावला होता. वहीच्या पानावर डावीकडे एक फुली काढायची, तिच्यापासून चार बोटे उजवीकडे एक ठळक ठिपका काढायचा, डावा डोळा झाकून उजव्या डोळ्याने केवळ फुलीकडे पाहत राहायचे आणि हातभर अंतरावर धरलेली वही हळूहळू चेहऱ्याजवळ आणायची. एका ठरावीक अंतरावर ठिपका नाहीसा होतो. तो नाहीसा झाला तेव्हा वर्गात मोठा गलका उठला. मी मात्र ठिपक्याच्या रिकाम्या जागेकडे पाहून चक्रावलो होतो, कारण ती जागा रिकामी दिसतच नव्हती. तिथे काळे भोक पडले नव्हते की पांढरा डाग उमटला नव्हता. वहीच्या निळ्या रेघा त्या जागेवरूनही अखंड गेलेल्या दिसत होत्या, जणू ठिपका कधी काढलाच नव्हता.

फ्रान्समधील एदम मारिओत याने १६६८ साली या अंधबिंदूचा शोध जाहीर केला. डोळ्याच्या पडद्यावर ज्या जागेतून दृष्टीची नस बाहेर पडते तिथे प्रकाश टिपणाऱ्या पेशी नसतात, आणि ही जागा काही क्षुल्लक नव्हे; आकाशातील पूर्णचंद्र एकाला एक लावून ओळीने मांडले तर दहा तरी तिच्यात सहज मावतील. एवढे मोठे खिंडार आपण जन्मभर डोळ्यांत घेऊन वावरतो आणि मेंदू आजूबाजूच्या रंगरेषांनी ते इतक्या सफाईने बुजवतो की मुद्दाम प्रयोग केल्यावाचून त्याचा पत्ता लागत नाही. जगाविषयीच्या आपल्या धारणांचेही असेच काहीसे होते, असे मला अलीकडे वारंवार वाटू लागले आहे. धारणा आपल्या नजरेला मर्यादा घालतात, हे तर सगळेच मान्य करतात. परंतु ती मर्यादा कुंपणासारखी जाणवत नाही, तिच्यापाशी पोचल्यावर ठेच लागत नाही, ही गोष्ट मान्य करणे मला तरी फार जड गेले.

मी बरीच वर्षे मुद्रितशोधनाचे काम केले. या कामात नजर हळूहळू घडत जाते. ऱ्हस्वाचे दीर्घ झालेले, अनुस्वार सुटलेला, ओळीच्या शेवटी शब्द भलत्याच ठिकाणी तुटलेला, असे काही पानावर असले की ते वाचायच्या आधीच टोचू लागते. एका कथासंग्रहाची मुद्रिते मी तीनदा तपासून दिली, तेव्हा एका मित्राने सहज विचारले, ‘कथा कशा आहेत?’ मी उत्तर द्यायला तोंड उघडले आणि माझ्या ध्यानात आले की त्यातील एकाही कथेत काय घडते ते मला सांगता येणार नाही. त्या पुस्तकाची पहिली प्रत हाती आली, तेव्हा आतल्या पानावरील शीर्षकातच एक अक्षर गळलेले निघाले. पानावरील सर्वांत मोठ्या टंकातील ती ओळ मी तीनही वेळा पाहिली होती. पण शीर्षक ही तपासायची गोष्ट नसते, ते ठाऊकच असते, अशी माझी खात्री होती आणि त्या खात्रीने गळलेले अक्षर बिनबोभाट भरून टाकले होते.

चेंडूफेक मोजण्यात गुंतलेल्या प्रेक्षकांपैकी निम्म्यांना मधून चालत गेलेला गोरिलाच्या वेशातील माणूस दिसला नाही, हा १९९९ सालचा प्रयोग आता इतका सांगून झाला आहे की तो ऐकताना कोणी दचकत नाही. त्याचा २०१३ साली प्रसिद्ध झालेला धाकटा भाऊ मला अधिक अस्वस्थ करतो. त्यात क्ष-किरण चिकित्सेतील २४ तज्ज्ञांना फुप्फुसांच्या सीटी स्कॅनमध्ये लहान गाठी शोधायला सांगितले होते. एका स्कॅनच्या काही चित्रांत संशोधकांनी गाठीच्या ४८ पट मोठा गोरिला घालून ठेवला होता. २४ पैकी २० तज्ज्ञांना तो दिसला नाही. डोळ्यांच्या हालचाली नोंदवणाऱ्या यंत्रावरून असे आढळले की ज्यांना तो दिसला नाही त्यांच्यातील बहुतेकांची नजर थेट त्याच्यावर पडून गेली होती. हे लोक आळशी नव्हते, अडाणी नव्हते. गाठ हुडकण्यात त्यांच्याइतके तरबेज डोळे दुसऱ्या कोणाचे नसतील. गाठीच्या त्या शोधानेच गोरिलाला नजरेबाहेर ठेवले, ही यातील खरी बोच आहे.

दृष्टी आणि अपेक्षा यांची तडजोड कशी होते, याचा एक जुना आणि जवळजवळ विनोदी दाखला ब्रूनर आणि पोस्टमन या मानसशास्त्रज्ञांच्या १९४९ च्या प्रयोगात सापडतो. त्यांनी लोकांना पत्ते क्षणभर दाखवले आणि त्यांत लाल इस्पिक, काळे बदाम असे काही अशक्य पत्ते मिसळले. पुष्कळांनी ते बिनदिक्कत नेहमीचेच पत्ते म्हणून ओळखले. काहींना मात्र लाल इस्पिक तपकिरी किंवा जांभळट दिसले, म्हणजे डोळ्यांना दिसलेला लाल आणि मनाला ठाऊक असलेला काळा यांच्यात मधल्या मध्ये समेट झाला. पत्ते अधिकाधिक वेळ दाखवले गेले तसे बहुतेकांना खरे काय ते उमगले. पण एक-दोघे इतके गोंधळले की आपण पत्तेच पाहत आहोत की नाही, याचीही त्यांना शाश्वती वाटेना. धारणा मोडते तेव्हा तिच्या जागी लगेच सत्य येऊन बसत नाही. बराच काळ नुसता गोंधळ असतो आणि तो सहन होत नाही म्हणूनच आपण जुन्या धारणेकडे परततो, असे मला त्या प्रयोगावरून वाटते.

आकाश सर्वांना सारखेच दिसते, असा आपला समज असतो. इंग्लंडच्या थॉमस हॅरियटने १६०९ च्या जुलैत, म्हणजे गॅलिलिओच्या काही महिने आधी, दुर्बिणीतून चंद्र पाहून त्याचे रेखाटन केले. त्या रेखाटनात उजेड आणि अंधार यांच्यामधली एक वेडीवाकडी रेघ आहे आणि काही अस्पष्ट डाग आहेत. डोंगर नाहीत, खड्डे नाहीत. गॅलिलिओने त्याच वर्षअखेरीस तीच वेडीवाकडी सीमारेषा पाहिली आणि ती पाहताक्षणी त्याला उंचवटे व त्यांच्या सावल्या दिसल्या. त्याची दुर्बीण हॅरियटच्या दुर्बिणीपेक्षा ताकदवान होती, हे मान्य करायलाच हवे. परंतु गॅलिलिओला चित्रकलेतील छायाप्रकाशाचे चांगले ज्ञान होते, ही गोष्टही तितकीच महत्त्वाची आहे, कारण सपाट कागदावरची काळी छटा म्हणजे खोलगट भाग, हे वाचायला त्याचा डोळा शिकलेला होता. १६१० साली गॅलिलिओचे पुस्तक प्रसिद्ध झाले आणि त्यानंतर हॅरियटने काढलेल्या चंद्राच्या चित्रात गोल खड्डे उमटले. चंद्र तोच होता आणि डोळेही तेच. मधल्या काळात त्या डोळ्यांना दुसऱ्या कोणाचे तरी पाहणे उसने मिळाले होते.

केप्लरचे उदाहरण मला त्याहून हृद्य वाटते. १६०७ च्या मे महिन्यात छपराच्या फटीतून आत आलेल्या सूर्यप्रतिमेवर त्याला एक काळा ठिपका दिसला, आणि तो बुध ग्रह सूर्यासमोरून जात असल्याचे त्याने ठरवले. तो सौरडाग होता. निर्मळ सूर्यावर डाग असू शकतो ही कल्पनाच तेव्हा युरोपातील विद्वानांच्या चौकटीत बसत नव्हती, त्यामुळे ठिपका दिसला तरी त्याला बसायला जागा बुधाचीच उरली. चिनी राजज्योतिषी मात्र कित्येक शतके उघड्या डोळ्यांनी दिसणारे सूर्यावरचे काळे डाग नोंदवत आले होते. १०५४ साली वृषभ राशीत भर दिवसाही दिसणारा ‘पाहुणा तारा’ प्रकटला, तेव्हा चीन आणि जपान येथे त्याच्या नोंदी झाल्या. युरोपातून त्याची निर्विवाद म्हणावी अशी एकही नोंद मिळत नाही. आकाश बदलणारे आहे आणि त्यातील प्रत्येक बदल राजासाठी शकुन किंवा अपशकुन आहे, या समजुतीने चिनी ज्योतिष्यांना रात्रभर जागे ठेवले होते. ही समजूत आज आपल्याला खुळी वाटते. परंतु तिच्यामुळे झालेल्या नोंदींचाच आधार घेऊन पुढे खगोलशास्त्रज्ञांना त्या ताऱ्याच्या स्फोटातून उरलेल्या खेकडा तेजोमेघाचे वय ठरवता आले, हे ध्यानात घेतले तर चुकीची धारणा आंधळी आणि बरोबर धारणा डोळस, अशी सोपी वाटणी करण्याचे धाडस होत नाही.

आकाशातील चूक निरुपद्रवी असते. जमिनीवरील चुकीची किंमत माणसे मोजतात. व्हिएन्नाच्या मोठ्या सार्वजनिक रुग्णालयात बाळंतपणाचे दोन विभाग होते आणि स्त्रियांना आलटून पालटून दिवस ठरवून त्यांत दाखल करून घेतले जाई. पहिल्या विभागात वैद्यकीचे विद्यार्थी शिकत, दुसऱ्यात सुइणी. १८४६ साली पहिल्या विभागात १०० पैकी ११ हून अधिक माता दगावल्या, तर दुसऱ्यात ३ हूनही कमी. हे आकडे लपवलेले नव्हते, रुग्णालयाच्याच नोंदवह्यांत होते. पण रोग दूषित हवेतून आणि शरीरातील दोषांच्या असमतोलातून होतो, असे मानणाऱ्या डॉक्टरांना शवविच्छेदन करून थेट प्रसूतिगृहात येणारे आपले हात या आकड्यांच्या जवळपासही दिसत नव्हते. १८४७ च्या मार्चमध्ये शवविच्छेदनाच्या वेळी सुरी लागून एक सहकारी प्राध्यापक दगावला, त्याच्या शरीरात बाळंतज्वराचीच लक्षणे आढळली, आणि पहिल्या विभागातील डॉक्टर इग्नाझ सेमेलवाइसला दोन मृत्यूंमधला धागा गवसला. क्लोरिनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुण्याची सक्ती त्याने मे महिन्यात केली आणि पहिल्या विभागातील मृत्यू झपाट्याने दुसऱ्या विभागाच्या पातळीवर उतरले.

ही कथा एका द्रष्ट्याची आणि त्याला न ओळखणाऱ्या जगाची म्हणून सांगितली जाते, पण तिच्यात मला जास्त मोलाच्या वाटतात त्या बिननावाच्या स्त्रिया. पहिल्या विभागात नेऊ नका म्हणून त्या गुडघे टेकून विनवीत, असे सेमेलवाइसनेच लिहून ठेवले आहे. काही तर रस्त्यातच बाळंत होत आणि मग रुग्णालयात येत, आणि अशा स्त्रियांना हा ज्वर कमी होई. त्यांच्याजवळ रोगाचा कोणताही सिद्धांत नव्हता. होता तो जिवाचा प्रश्न, आणि त्या प्रश्नाने त्यांना जे दाखवले ते विद्यापीठाला दिसत नव्हते. त्यांच्या विनवण्या डॉक्टरांच्या कानांवर पडत होत्या, पण त्यांच्या लेखी ती बायकांची भीती होती, पुरावा नव्हता. ज्याचे म्हणणे ‘भीती’ किंवा ‘अडाणीपणा’ या खणात आधीच टाकून दिलेले असते, त्याला दिसलेली गोष्ट आपल्यापर्यंत पोचण्याची वाटच बंद होते. सेमेलवाइसही अखेर यातून सुटला नाही. आपल्याला सापडलेले कारण हेच एकमेव कारण, असे तो हट्टाने मांडत राहिला, विरोधकांना जाहीर पत्रांतून खुनी म्हणू लागला, आणि १८६५ साली मनोरुग्णालयात त्याचा अंत झाला.

मग सगळ्या धारणा बाजूला ठेवून, कोऱ्या मनाने पाहावे, असे कोणी सुचवतो. हा सल्ला मला मुळातच पोकळ वाटतो. जन्मांध माणसाला एकाएकी दृष्टी मिळाली, तर हाताने ओळखलेला गोल आणि घन त्याला नुसते पाहून ओळखता येतील का, असा प्रश्न विल्यम मॉलिनो या आयरिश अभ्यासकाने १६८८ साली विचारला होता. जन्मापासून अंध असलेल्या आणि शस्त्रक्रियेने दृष्टी मिळालेल्या भारतातील पाच मुलांवर झालेल्या अभ्यासातून त्याचे उत्तर २०११ साली मिळाले: लगेच येत नाहीत, पण काही दिवसांच्या सरावाने येऊ लागतात. कोऱ्या मनाने पाहणाऱ्याला हातातला घनसुद्धा ओळखू येत नाही, तर जग काय ओळखू येणार? नवशिक्याला क्ष-किरण चित्र धुक्यासारखे दिसते आणि तज्ज्ञाला गाठ दिसते, ती शिकलेल्या अपेक्षेमुळेच. जी अपेक्षा गोरिलाला गाळते, तीच गाठीला वर काढते. यातले एक ठेवून दुसरे टाकता येत नाही.

भाषेचेही असेच आहे. भाषांमधला भेद त्यांत काय सांगता येते यापेक्षा काय सांगावेच लागते यात असतो, असे रोमन याकोबसन या भाषाशास्त्रज्ञाने १९५९ साली मांडले होते. मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ हे वेगळे आहेत, त्यामुळे बोलणाऱ्याला दर वेळी ऐकणारा आपल्यात धरायचा की वगळायचा याचा निवाडा करावा लागतो, आणि तो आपण इतक्या सहज करतो की केल्याचे कळतही नाही. ज्या भाषेत दोन्हींसाठी एकच शब्द आहे तिथल्या माणसाला हा फरक समजत नाही, असे मुळीच नाही. पण त्याची भाषा त्याला दर वाक्यागणिक तिकडे पाहायला लावत नाही. उत्तर ऑस्ट्रेलियातील गुगु यिमिथिर भाषेत शेजारच्या माणसाची जागासुद्धा पूर्व-पश्चिम अशा दिशांनी सांगतात, आणि म्हणून ती बोलणाऱ्याला बंद खोलीतही उत्तर दिशा कुठे आहे याचे भान सतत ठेवावे लागते. ते भान माझ्यात नाही आणि त्याची उणीव मला कधी जाणवलीही नव्हती, याचेच मला आश्चर्य वाटते.

हत्ती आणि आंधळे यांची गोष्ट या ठिकाणी आठवणे अपरिहार्य आहे, आणि खरे सांगायचे तर त्या गोष्टीवर माझा थोडा राग आहे. कोणी पाय धरून हत्तीला खांब म्हणतो, कोणी कान धरून सूप म्हणतो आणि आपण ऐकणारे मनातल्या मनात हसतो, कारण गोष्ट सांगणाऱ्याला अख्खा हत्ती दिसत असतो आणि त्याने आपल्यालाही आपल्या नकळत डोळसांच्या रांगेत बसवलेले असते. आपल्या खऱ्या आयुष्यात असा निवेदक नसतो. जैन विचारवंतांनी वस्तूला अनेक बाजू असतात हा अनेकान्तवाद मांडताना प्रत्येक विधानाआधी ‘स्यात्’ लावण्याचा आग्रह धरला, तो मला त्या गोष्टीपेक्षा अधिक प्रामाणिक वाटतो. ‘स्यात्’ म्हणजे ‘कदाचित’ असे पुष्कळदा समजले जाते, परंतु त्यात गुळमुळीतपणा नाही. एका विशिष्ट बाजूने पाहता हे असेच आहे, असे ठामपणे आणि मर्यादेसह म्हणणे त्यात आहे. विधान करणाऱ्याने आपण कुठे उभे आहोत ते आधी सांगायचे. अडचण एवढीच की आपण कुठे उभे आहोत, हे सांगण्यासाठी ते आधी दिसावे लागते.

मला ते एकदा दिसले, आणि तेही दुसऱ्याच्या वहीत. बाबांच्या शेवटच्या आजारपणात मी आणि माझी धाकटी बहीण आळीपाळीने आणि बरेचदा एकत्र त्यांच्याजवळ असायचो. मी एक वही ठेवली होती. बाबा गेल्यावर बऱ्याच वर्षांनी मला कळले की तीही त्या दिवसांत रोज काही लिहीत असे, आणि आम्ही दोघांनी त्या वह्या शेजारी ठेवून वाचल्या. एका तारखेला माझ्या वहीत असे होते: सायंकाळी ६, ताप १००.४, पाणी अर्धा पेला, गोळी दिली. त्याच तारखेला तिने लिहिले होते की समोरच्या भिंतीवरून ऊन सरकत जाताना बाबा पाहत होते आणि ते पुरते गेल्यावर म्हणाले, ‘आज थोडे जास्त थांबले.’ मी म्हणालो, हे मला कसे ठाऊक नाही? ती म्हणाली, “दादा, तू खोलीतच होतास. तापमापक उजेडाकडे धरून पाहत होतास.” मला अजूनही ते वाक्य ऐकल्याचे स्मरत नाही. माझ्या आठवणीतील त्या संध्याकाळीत कुठे रिकामी जागादेखील नाही, निळ्या रेघा अखंड गेलेल्या आहेत. आणि तिच्या वहीत पुढे एका दिवशी लिहिले होते की बाबांनी आता बोलणे सोडले, त्यांनी मन काढून घेतले. माझ्या वहीप्रमाणे आदल्या रात्री त्यांच्या औषधाची मात्रा वाढवली होती आणि ग्लानी येईल असे डॉक्टरांनी सांगून ठेवले होते. ती ओळ वाचून ती बराच वेळ काही बोलली नाही. इतकी वर्षे तिने बाबांच्या त्या गप्प बसण्याचा अर्थ लावण्यात घालवली होती.

त्या दिवसापासून मला लालांदच्या नोंदीचे विलक्षण आकर्षण वाटू लागले आहे. जेरोम लालांद या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाचा नातेवाईक मिशेल लालांद पॅरिसमध्ये हजारो ताऱ्यांच्या जागा मोजून त्यांची सूची करत होता. ८ मे १७९५ रोजी त्याने एका मंद ताऱ्याची जागा नोंदवली आणि १० मे रोजी पुन्हा तोच तारा मोजला, तर दोन्ही जागा जुळेनात. युरेनसचा शोध लागून तेव्हा १४ वर्षे झाली होती, म्हणजे आकाशात अज्ञात ग्रह असू शकतो हे त्याला चांगले ठाऊक होते. पण तो ताऱ्यांची सूची करत होता आणि तारे जागचे हलत नाहीत. तेव्हा जुळत नसलेल्या दोन नोंदींपुढे कोणीही मुद्रितशोधक जे करेल तेच त्याने केले: पहिली चुकीची ठरवून गाळली. दुसरी सूचीत गेली, पण शंकास्पद म्हणून तिच्याशी एक खूण करण्यात आली. बर्लिनमध्ये गाले या खगोलशास्त्रज्ञाने १८४६ च्या सप्टेंबरात नेपच्यून दुर्बिणीतून ओळखला, आणि पुढच्या वर्षी त्याची कक्षा मागे मागे मोजत जाताना खगोलशास्त्रज्ञ लालांदच्या सूचीतील त्या ताऱ्यापाशी येऊन पोचले, जो आता आकाशात त्या जागी नव्हता. मग पॅरिसमधील मूळ हस्तलिखिते काढून पाहिली गेली आणि गाळलेली ८ मेची नोंदही सापडली. दोन्ही जागा अचूक होत्या. दोन दिवसांत ग्रह जेवढा सरकायला हवा तेवढाच तो सरकला होता.

सूचीत त्या ताऱ्याशी केलेली शंकेची खूण म्हणजे एकाखाली एक अशी दोन टिंबे आहेत. मुद्रितशोधनाच्या सवयीमुळे असेल, मला तिचे मराठी नाव लगेच आठवले. तिला आपण अपूर्णविराम म्हणतो.